‘होऊन जाईल सर’ म्हणण्याआधी नटाचे फेरे मोजा

टायर-अलॉयचं दुकान टाकायचं म्हणणारे बरेच जण मला भेटतात. हिशोब सगळ्यांचा एकच असतो. टायरमध्ये मार्जिन पातळ, अलॉयमध्ये बरं, आणि दुसऱ्या मॉडेलची जुनी कंपनी-फिटिंग डिस्क आणून बसवली तर सगळ्यात जास्त. हिशोब चुकीचा नाही. लोक नवी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात मूळ सेट काढून विकतात, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरलात तर हे सेट रचून ठेवलेले दिसतील. कंपनीची डिस्क लोकल अलॉयपेक्षा मजबूत असते. तुमच्या गिऱ्हाइकाला स्वस्तात चांगला माल मिळतो. मग अडचण कुठे आहे?

अडचण मी दिलेल्या एका सल्ल्यात आहे, म्हणून आज हे लिहितोय. एका जुन्या व्हिडिओत मी म्हणालो होतो, “गिऱ्हाइकाला नाही म्हणू नका, मार्ग काढा.” किराणा, कपडे, केटरिंग, तिथे हे चालतं. चाकाच्या धंद्यात हा सल्ला मी मागे घेतो.

माझ्या बॅचमधल्या एका मुलाने हायवेच्या कडेला दुकान टाकलं. चांगलं चालवतो, कष्टाळू आहे. त्याच्याकडे स्विफ्टवाला आला, होंडा सिटीच्या १५ इंची डिस्कचा सेट घेऊन. दोन्हीला चार नट, दोन्हीचं पीसीडी १००, म्हणजे नटांची भोकं १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. डिस्क हबवर सरळ बसली. गिऱ्हाईक म्हणालं, “चाक आत गेल्यासारखं दिसतंय, थोडं बाहेर काढ.” ह्याने आठ मिलिमीटरची साधी स्पेसर प्लेट टाकली, स्विफ्टचेच नट गनने आवळले, फोटो काढला, स्टेटसला टाकला. चौथ्या दिवशी फोन. पुढच्या डाव्या चाकातून टकटक आवाज येतोय. गिऱ्हाइकाने शहाणपणाने गाडी बाजूला घेतली म्हणून बरं. एक स्टड तुटलेला, दोन नट हाताने फिरत होते. गाडीत त्याची आई आणि दोन मुलं होती.

आता बघा, त्या एका कामात किती चुका होत्या. त्यातली एकही चूक दिसायला मोठी नव्हती.

पहिली, मधलं भोक. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा, सिटीच्या डिस्कचं भोक ५६.१. दोन मिलिमीटरचा फरक. तो भरायला हब रिंग नावाची छोटी कडी मिळते, अगदी स्वस्त असते. ती नसेल तर चाक मध्यावर बसेल की नाही हे फक्त नटांच्या भरवशावर. त्यात आठ मिलिमीटरची साधी प्लेट टाकली की हबचा उंचवटा प्लेटच्या आतच संपतो, डिस्कपर्यंत पोचतच नाही. मग कडी असूनही उपयोग नाही.

दुसरी, नटाची बैठक. सुझुकीच्या नटाचं तोंड निमुळतं, शंकूसारखं. होंडाच्या कंपनी डिस्कमधली नटाची जागा गोल, वाटीसारखी. शंकू वाटीत बसवला तर तो फक्त एका बारीक रेघेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतो, गाडी शे-दोनशे किलोमीटर चालली की सैल. बरं, होंडाचेच नट लावावेत म्हटलं तर तेही चालत नाहीत. होंडाचे आटे १२ बाय १.५, स्विफ्टचे १२ बाय १.२५. म्हणजे हवा तो नट गोल तोंडाचा आणि १.२५ आट्याचा. तो मागवावा लागतो. दोन दिवस थांबायची तयारी लागते.

तिसरी, स्पेसरमुळे स्टड आखूड पडला. साधा ठोकताळा असा की स्टडची जेवढी जाडी, कमीत कमी तेवढी लांबी नटात गेली पाहिजे. १२ मिलिमीटर स्टड, १.२५ चा आटा, म्हणजे नट दहा फेरे तरी फिरला पाहिजे. मोजायला कुठलंही मशीन लागत नाही, हाताने नट फिरवा आणि मोजा. आमच्या पोराने गन लावली होती, गन फेरे मोजत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. साधी प्लेटवाली स्पेसर नुसत्या ‘लूक’साठी बसवायची नाही. आतून शॉकअबला किंवा ब्रेक कॅलिपरला डिस्क खरंच घासत असेल तर तीन-पाच मिलिमीटरची विचारात घ्या, तीही फेरे मोजून, लांब स्टड टाकून. जास्त जाडी लागत असेल तर स्वतःचे स्टड असलेली, हबवर नेमकी बसणारी, चांगल्या धातूची बोल्ट-ऑन स्पेसर. आणि एवढं सगळं लागत असेल तर गिऱ्हाइकाला सांगा, “साहेब, ही डिस्क तुमच्या गाडीची नाही. योग्य ऑफसेटची दुसरी शोधून देतो.” कारण ऑफसेट ४५ च्या डिस्कमागे दहाची स्पेसर टाकली की ती ३५ ची झाली. चाक बाहेर आलं, बेअरिंगवरचा जोर वाढला, खड्ड्यात स्टीअरिंग हाताला ओढायला लागलं. ते सामान गिऱ्हाईक सहा महिन्यांनी बदलेल आणि तुमचं नाव घेईल.

टायरकडे तर बहुतेक जण बघतच नाहीत. सिटीच्या जुन्या सेटवर बऱ्याचदा १७५/६५ आर१५, ८४ लोड इंडेक्सचे टायर असतात. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो. त्या पिढीच्या स्विफ्टला खालच्या मॉडेलमध्ये १६५/८० आर१४ यायचा, त्यावर ८५, म्हणजे ५१५ किलो. मोठी डिस्क बसवून आपण कमी ताकदीचा टायर दिला! वरच्या मॉडेलला कंपनीच १८५/६५ आर१५ द्यायची, ८८ चा, ५६० किलोचा. तोच बसवायचा. व्यासही बघा: १६५/८० आर१४ साधारण ६२० मिलिमीटर, १८५/६५ आर१५ साधारण ६२१. मीटरचा वेग बरोबर राहतो. १७५/६५ ने तो ६०८ वर येतो. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा खाली न्यायचा नाही, ह्यात तडजोड नाही. वापरलेले टायर फुकट मिळाले तरी नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या १८२-अ मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. त्याच कलमात गाडी विकणाऱ्या डीलरने असा बदल केला तर त्याच्यावरही बोजा आहे. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या साइझमध्ये राहणं म्हणूनच सगळ्यात सुरक्षित. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर चाकामागची प्लेट बघतो, तेव्हा गिऱ्हाइकाला तुमचं दुकान आठवतं.

“सर, असं नाही म्हणत बसलो तर शेजारचा दुकानदार बसवून देईल.” देईल, मला मान्य आहे. त्या पोराला त्या कामात सातशे रुपये सुटले होते. चार नवे स्टड, टोइंग, एक डिस्क भरून देताना साडेसहा हजार गेले. वर दोन रात्री झोप नाही. त्याची आता वेगळीच पद्धत आहे. दारात बोर्ड लावलाय, ‘दुसऱ्या गाडीची डिस्क बसेल का? मोजून सांगतो, ३०० रुपये. इथे काम केल्यास वजा.’ एक छापील कार्ड ठेवलंय: पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट, नटाची बैठक, आटे, फेरे, लोड इंडेक्स. व्हर्नियरने मोजतो, भरतो, गिऱ्हाइकाची सही घेतो. गन फक्त नट टेकवायला, शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. शंभर किलोमीटरनंतर परत बोलावून फुकट तपासतो, आणि त्या फेरीत अर्धे लोक अलाइनमेंट करून घेतात.

दहातल्या दोघा-तिघांना तो ‘नाही’ सांगतो. त्यातला एक जण पुढच्याच आठवड्यात योग्य सेट शोधायला सांगून गेला, ॲडव्हान्स देऊन.

दुकान टाकणार असाल तर रंगरंगोटीच्या आधी व्हर्नियर आणि टॉर्क पाना घ्या. नटांच्या बैठका आणि आटे ओळखायचे कसे, त्याचा व्हिडिओ शुक्रवारी टाकतोय. बघताना स्वतःच्या गाडीचा एक नट काढून हातात ठेवा. पण आधी गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकाला दगड लावा.