सायकलवरची दृश्यलोलुपता

सायकल हे पाहण्याचे वाहन आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पायी चालणाऱ्याला पल्ला मर्यादित असतो आणि मोटारीत बसलेल्याला काचेपलीकडचे काही ऐकू येत नाही, वासही येत नाही. सायकलस्वाराला पल्लाही मिळतो आणि वासही मिळतो. नेमक्या याच कारणासाठी, सुटीत सायकली घेऊन ऐतिहासिक गावे आणि शिवारे पालथी घालणारा आमचा सुशिक्षित वर्ग हल्ली जे पाहतो, आणि पाहिल्याचा पुरावा म्हणून जी छायाचित्रे गोळा करून आणतो, त्यांविषयी चार कठोर शब्द लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. इतके चांगले वाहन आणि इतकी आंधळी नजर, ही जोडी सहजासहजी सोडून देण्याजोगी नाही.

उदाहरण म्हणून सातारा ते वाई हा टापू घेऊ. २०२० च्या टाळेबंदीनंतर शहरांतून सायकलींचा जो नवा उत्साह उसळला, त्याने हिवाळ्यात हा रस्ता गजबजू लागला. वाटेत लिंबची बारामोटेची विहीर, पुढे वाईचे घाट आणि ढोल्या गणपती, तिथून तीनेक किलोमीटरवर नाना फडणविसांची मेणवली आणि शेवटी धोमचे नरसिंहाचे देऊळ व धरणाचा जलाशय. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवणारी मंडळीही या रस्त्याने सायकलने हिंडलेलो आहोत. परतलेल्यांची छायाचित्रे आम्ही आवर्जून पाहतो, आणि ती पाहताना एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. माणसे वेगळी, ऋतू वेगळे, फोन वेगळे. छायाचित्रे मात्र तीच. विहिरीचा वरून घेतलेला आकार, घाटाच्या पायऱ्यांना टेकवून ठेवलेली सायकल, धुणे धुणाऱ्या बाईची पाठमोरी आकृती, उसाच्या फडामागचा सूर्योदय. प्रत्येकात विजेच्या तारा टाळलेल्या, फलक कापलेले, उभ्या असलेल्या मोटारसायकली चौकटीबाहेर ढकललेल्या. जणू गाव १८१८ साली थांबले आणि सायकलस्वाराची वाट पाहत बसले.

ही नजर आमची नव्हे, ती उसनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने निसर्ग 'चित्रासारखा' कसा पाहावा याचे धडे दिले. वाय नदीच्या काठच्या प्रवासावरील त्याचे पुस्तक १७८२ साली निघाले. त्यात टिंटर्नच्या भग्न मठाविषयी त्याची तक्रार अशी की, भिंतींची टोके फारच रेखीव उरली आहेत; एखादा हातोडा विवेकाने चालवला तर चित्र सुधारेल. त्याच भग्नावशेषांत कंगाल माणसे राहत होती आणि अर्ध्या मैलावर लोखंडाचे कारखाने धडधडत होते. गिल्पिनने दोन्ही पाहिले आणि नोंदवलेही. पण त्याच्या सौंदर्यकल्पनेत त्यांना जागा नव्हती. त्या काळातले हौशी प्रवासी क्लॉद लोरेन या चित्रकाराच्या नावाने ओळखला जाणारा एक काळसर बहिर्गोल आरसा जवळ बाळगत. देखावा आला की त्याच्याकडे पाठ फिरवायची आणि आरशातले त्याचे प्रतिबिंब न्याहाळायचे, अशी त्यांची रीत होती. मेणवलीच्या घाटाकडे पाठ करून हात लांबवून उभ्या राहिलेल्या आजच्या प्रवाशाला आपण काही नवे करीत आहोत असे वाटत असेल, तर त्याने ही अडीचशे वर्षांची परंपरा ध्यानात घ्यावी. हीच दृष्टी घेऊन टॉमस आणि विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे हिंदुस्थानात आले, आणि १७९५ ते १८०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १४४ चित्रांनी येथील देवळे आणि भग्नावशेष पाहण्याची एक चौकट घालून दिली. साहेब गेला, चौकट राहिली. गिल्पिनला हातोडा उचलायचे धैर्य झाले नव्हते. आता तो प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, आणि नको असलेली तार किंवा नको असलेला माणूस बोटाच्या एका फटकाऱ्यात पुसता येतो.

लिंबची विहीर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, वीरूबाई भोसले यांनी बांधवलेली. आता ती ड्रोनमधून पाहायची वस्तू झाली आहे. वरून पाहिले की शिवलिंगासारखा आकार दिसतो, आणि तो दिसला की पाहणे संपते. परंतु विहीर ही आकृती नव्हे, ते काम होते. मोट म्हणजे काय, बैल मागे सरत आणि पुढे धावत ती धाव कोणती, मोट रिती होते ते थारोळे कोणते, नाडा कोणता आणि सोंदूर कोणता, पाटाने पाणी कुठवर जाई, मोट हाकणारा पहाटे किती वाजता उठे आणि त्याला काय मिळे, हे प्रश्न त्या छायाचित्रातून उद्भवतच नाहीत. विहिरीच्या नावातच मोट आहे आणि चित्रात मोटेची आठवणसुद्धा नाही. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना 'थारोळे' हा शब्द रक्ताच्या संदर्भातच ठाऊक असतो. पाण्याचे थारोळे त्यांनी ऐकलेले नाही. शब्द असा मरतो, आणि त्याच्यामागोमाग तो शब्द जगणारी माणसे दुसऱ्यांदा मरतात.

वाईचे उदाहरण याहून बोलके आहे. २००३ सालच्या 'गंगाजल' या हिंदी चित्रपटात हीच वाई बिहारमधले गाव म्हणून उभी राहिली, आणि २००४ च्या 'स्वदेस'मध्ये मेणवलीचा घाट उत्तरेकडच्या एका खेड्याचा घाट झाला. चित्रपटाला तो अधिकार आहे. तो खोटे बोलत असल्याचे आधीच सांगून बोलतो. आमचा मुद्दा निराळा आहे. ज्या दृश्यात वाई विनासायास बिहार होऊ शकते, त्या दृश्यात वाई मुळातच नसते. पायऱ्या, पाणी, कळस आणि सोनेरी ऊन इतकेच त्यात असते, आणि ते कुठलेही असू शकते. आमचे सायकलस्वार सत्य टिपल्याच्या आविर्भावात नेमके हेच 'कुठलेही' घेऊन घरी येतात.

मग वाई कशात आहे? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या गावात बसून मराठी विश्वकोशाचा संसार मांडला आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला, ते गाव म्हणजे वाई. एका तालुक्याच्या गावात, नदीकाठी, जगातल्या ज्ञानाला मराठी शब्द शोधण्याचे काम वर्षानुवर्षे चालले, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली कोणत्याही घाटापेक्षा कमी न ठरणारी वास्तू आहे. ती छायाचित्रात येत नाही, कारण तिला कळस नाही. मेणवलीतही तेच. नानांच्या वाड्याचे चौक आणि भिंतींवरची चित्रे टिपली जातात. पण ज्या कागदपत्रांमुळे 'मेणवली दप्तर' हे नाव मराठेशाहीच्या अभ्यासकांच्या ओठी आले, त्या कागदांची चौकशी करणारा विरळा. घाटावरच्या देवळातली मोठी घंटा मात्र सगळ्यांच्या संग्रहात असते. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे. १७३९ साली वसईचा किल्ला पडल्यानंतर पोर्तुगीज चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ती एक असल्याचे सांगतात. म्हणजे ती युद्धातली लूट आहे, एका धर्माच्या प्रार्थनेचे दुसऱ्या धर्माच्या देवळात झालेले स्थलांतर आहे. हे सारे बाजूला सारून तिला 'सुंदर जुनी घंटा' म्हणणे हे अज्ञान तर आहेच, पण ते सोयीचे अज्ञान आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप माणसांविषयी आहे. हिवाळा हा सायकलसहलींचा हंगाम, आणि तोच उसाच्या गळिताचा हंगाम. त्या दिवसांत या भागातील फडांवर मराठवाड्यातून आलेले ऊसतोड मजूर असतात. पहाटेच्या धुक्यात त्यांच्या कोप्यांमधून वर चढणारा धूर हे या वाटेवरचे फार लाडके दृश्य आहे. त्या धुराखाली जी बाई भाकरी थापते तिच्या कुटुंबाने हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून त्यांचा हिशोब 'एक कोयता' म्हणून मांडला जातो. तिची पोरे शाळा सोडून तिच्याबरोबर आलेली असतात. धूर रम्य दिसतो तो दुरून. पंचवीस पावले पुढे गेले की तो डोळ्यांत जातो, आणि सायकलस्वार नेमका त्या पंचवीस पावलांच्या अलीकडे थांबतो.

घाटांचेही तसेच. पाणवठ्याचे शांत, सोज्ज्वळ चित्र काढताना मराठी माणसाला एक तारीख विसरण्याची मुभा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. या प्रदेशातल्या पायऱ्या नुसत्या उतरत नाहीत. कोणी कुठवर उतरायचे आणि कोणी उतरायचेच नाही, हे त्या पिढ्यान्‌पिढ्या ठरवीत आल्या. माणसे पुसून टाकलेला घाट जो आपल्याला 'निर्मळ' वाटतो, त्या निर्मळपणाचा वास जुना आहे.

यावर काही प्रतिवाद होतील. पहिला असा की, वाडे पडत आहेत, छायाचित्रांनी निदान नोंद तरी राहते. नोंदीचे मोल आम्ही जाणतो. जेम्स बर्जेस आणि हेन्री कझिन्स यांच्या काळातली पुरातत्त्व खात्याची छायाचित्रे आजही अभ्यासकाला लागतात. मात्र त्या छायाचित्रांसोबत स्थळाचे नाव, मोजमापे, आराखडा आणि वर्णन होते, म्हणून ती नोंद ठरली. (प्रमाण कळावे म्हणून अशा चित्रांत खांबाशेजारी उभ्या केलेल्या माणसाचे नाव तेव्हाही कोणी लिहीत नसे, हेही विसरू नये.) स्थळ, काळ आणि नाव यांवाचून फोनमध्ये साचलेल्या हजार प्रतिमा ही नोंद नव्हे, ती अडगळ आहे.

दुसरा प्रतिवाद असा की, सुटी ही सुटी असते. तिथे इतिहासाचा आणि समाजशास्त्राचा तास कशाला? आनंदाला आमचा विरोध नाही. पण सायकलीचा खरा आनंद सलगतेत आहे. चढ कुठे सुरू झाला, ज्वारी संपून ऊस कुठे लागला, बोलीतला हेल कुठे बदलला, हे तिला कळते. दर अर्ध्या मैलावर उतरून चौकट लावणारा हा सलगपणा तोडून रस्त्याचे सुटे तुकडे करतो, आणि सायकलीला टूरिस्ट बसच्या पातळीवर आणून ठेवतो. तो आनंद वाढवीत नाही, पुढे ढकलतो: आत्ता टिपू, नंतर पाहू. ते 'नंतर' बहुधा येत नाही.

तिसरा प्रतिवाद आमच्या बिरादरीवरच उलटतो, आणि तो आम्हांला मान्य आहे. शब्द तरी कुठे प्रामाणिक आहेत? 'निसर्गाच्या कुशीत वसलेले टुमदार गाव', 'गतवैभवाची साक्ष देणारा वाडा' ही वाक्ये म्हणजे शब्दांनी काढलेली तीच गुळगुळीत छायाचित्रे होत. मराठी प्रवासवर्णनाचा मोठा भाग या ठशांवर पोसला गेला आहे. म्हणूनच आमची बाजू शब्दांची विरुद्ध चित्रांची नाही. ती लक्ष देण्याची आहे, ठशांच्या विरुद्ध. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते दक्षिणेच्या आशेने आणि सापडले १८५७ च्या धामधुमीत. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये एकही चित्र नसताना झाशी दिसते, कारण तिथे भाव, भूक, भीती आणि माणसे आहेत. त्यांच्याजवळ कॅमेरा असता तर त्यांनी काय टिपले असते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारण्यासारखा आहे.

विद्यार्थ्यांचा उल्लेख सहज केलेला नाही. प्रवासवर्णनाच्या प्रकल्पात आता दहा पानांपैकी सहा पाने छायाचित्रांची असतात आणि उरलेल्या चारांत 'छायाचित्रात दिसत असल्याप्रमाणे' हे पालुपद असते. ओसरी, पडवी, सोपा, माजघर, देवळी, तुळई या शब्दांची गरजच उरलेली नाही. बोट दाखवले की झाले. वर्णन करणे म्हणजे पाहिलेल्याची जबाबदारी घेणे. ती जबाबदारी यंत्राकडे सोपवणारा विद्यार्थी उद्या शिक्षक होईल, तेव्हा तो पाठ्यपुस्तकातल्या वाड्याकडेही नुसते बोटच दाखवील.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. मराठी विभागांनी प्रवासवर्णनाच्या प्रकल्पात मजकुराविना एकही छायाचित्र स्वीकारू नये. मजकुरात तीन गोष्टी असाव्यात: वस्तूला तिथले लोक कोणत्या शब्दाने ओळखतात, चित्रात माणूस असेल तर त्याचे काम कोणते, आणि त्याची परवानगी घेतली का, आणि चौकटीबाहेर काय ठेवले. या तिसऱ्या ओळीवर आमचा विशेष भर आहे. 'डावीकडे मोबाइलचा मनोरा, उजवीकडे कोप्या' एवढे जरी प्रांजळपणे लिहिले, तरी चित्र खोटे बोलायचे थांबते. सायकलसहली काढणाऱ्या मंडळांनीही हा नियम लावून पाहावा. छायाचित्रांची संख्या नक्कीच घटेल, आणि सायकलीवरून उतरलेल्या माणसाला कोणाशी तरी बोलावे लागेल. एवढे घडले तरी पुष्कळ झाले.