पाण्याविना प्रक्रिया : प्लाझ्मा कारखान्यात का उतरत नाही?

इचलकरंजीला पाणी कोठून द्यायचे, हा प्रश्न गेली काही वर्षे कोल्हापूर जिल्ह्याच्या राजकारणात धुमसतो आहे. दूधगंगेवरील सुळकूड योजनेला २०२३ मध्ये कागल परिसरातून तीव्र विरोध झाला. वस्त्रनगरीतून तितक्याच तीव्रतेने योजनेची मागणी झाली. शहरालगत वाहणारी पंचगंगा मात्र नागरी सांडपाण्याने आणि कापड प्रक्रियेच्या रसायनमिश्रित पाण्याने प्रदूषित झालेली. या साऱ्या वादात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. कापडावरील प्रक्रियेला इतके पाणी लागलेच पाहिजे काय?

काही टप्प्यांपुरते त्याचे उत्तर नकारार्थी आहे आणि ते नवेही नाही. वायूला पुरेशी विद्युतऊर्जा दिली की त्यातील इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेस १९२८ मध्ये आयर्विंग लँगम्यूर यांनी 'प्लाझ्मा' हे नाव दिले. घरातील ट्यूबलाइटमध्ये तोच असतो. शीत प्लाझ्मामध्ये इलेक्ट्रॉन अतितप्त, पण वायू जवळपास खोलीच्या तापमानाचा असतो. त्यामुळे कापड वा प्लॅस्टिक न जळता त्याच्या पृष्ठभागाचा अवघा काही नॅनोमीटर जाडीचा थर बदलतो. तेथे ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट जोडले जातात आणि पाणी झटकणारे पॉलिएस्टर पाणी धरू लागते. धाग्याच्या गाभ्याला धक्का लागत नाही, की पाण्याचा थेंबही लागत नाही.

दुधाच्या पिशवीवरील छपाई टिकते ती याच तत्त्वावर. पॉलिथिनवर शाई सहजी बसत नाही, म्हणून छपाईपूर्वी फिल्म विद्युत विसर्गाखालून नेली जाते. उद्योगात त्यास 'कोरोना ट्रीटमेंट' म्हणतात. प्लॅस्टिक उद्योगाने जे अनेक दशकांपूर्वी स्वीकारले, ते वस्त्रोद्योगात अद्याप अपवादानेच दिसते. गांधीनगरच्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थेने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसह अंगोरा लोकरीवर केलेले काम हा त्यातला ठळक अपवाद. गुळगुळीत असल्याने सुटून येणारे हे तंतू प्लाझ्माने खरखरीत झाले आणि रसायनांविना कातता येऊ लागले.

मग अडते कोठे? पहिली अडचण तांत्रिक आहे. प्रक्रिया केलेला पृष्ठभाग कायम तसा राहत नाही. पॉलिमरच्या साखळ्या हळूहळू वळतात आणि काही दिवसांत वा आठवड्यांत परिणाम ओसरू लागतो. म्हणजे पुढची रंगाई वा लेपन लगोलग व्हायला हवे. निर्वात पेटीतली यंत्रणा अखंड धावणाऱ्या कापडाला गैरसोयीची. वातावरणीय दाबावर चालणारी यंत्रणा सोयीची, पण रुंद कापडावर एकसारखा विसर्ग राखणे कठीण. शिवाय रंगाईला पाणी लागतेच. प्लाझ्मा आला की नदी स्वच्छ झाली, असे कोणी सांगत असेल तर ती दिशाभूल ठरेल.

दुसरी अडचण हिशेबाची आहे आणि तीच मोठी. मीटरमागे पैशांत मजुरी मोजणाऱ्या प्रोसेसरने महागडे यंत्र घ्यावे तरी का? वाचलेल्या पाण्याची आणि न सोडलेल्या सांडपाण्याची किंमत त्याच्या खतावणीत येतच नाही. ती नदीकाठची गावे भरतात. तंत्रज्ञान सुधारणेसाठीच्या केंद्राच्या 'टफ' योजनेची सुधारित आवृत्तीही मार्च २०२२ मध्ये संपली. एकट्या कारखानदाराला न पेलणारे यंत्र सामायिक केंद्रात बसवता येईल. सांडपाण्यासाठी सामायिक प्रकल्प चालतात, तर त्याआधीच्या टप्प्यासाठी का नकोत?

नॅनोकणांचा मुद्दा याहून नाजूक आहे. जंतुरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडावर चांदीचे नॅनोकण बसवतात. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये बाजारातील मोजे धुऊन पाहिले, तेव्हा काहींतील चांदी मोठ्या प्रमाणात पाण्यात उतरल्याचे आढळले. धाग्यावर आधी प्लाझ्माची प्रक्रिया केल्यास कण अधिक घट्ट धरले जाऊ शकतात. मात्र 'अधिक घट्ट' म्हणजे किती धुण्यांपर्यंत, हे वेष्टनावर छापण्याची सक्ती झाल्याखेरीज गिऱ्हाइकाला ते कळणार नाही, आणि धुण्याचे पाणी शेवटी जाते त्याच नदीत.