भ कुणाचा, ळ कशातला?

जळगावलगतचे असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. चिरंजीव सोपानदेवांनी व एका नातेवाइकाने गाणी लिहून ठेवली म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. लिहिणाऱ्यांनी 'मानूस'चा 'माणूस' केला नाही, हे त्यांचे मोठेपण. पण सरकारी अर्जावर असे चालत नाही.

या पट्ट्यात बोलताना ळ चा य होतो, ण चा न होतो. यात कमीपणा काहीच नाही. मात्र जातीच्या दाखल्यावर एक आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर दुसरे अक्षर पडले की खेटे घालावे लागतात ते आपल्याच पोरांना! डोळस मुलगा निदान चूक पाहू शकतो. अंध विद्यार्थ्याने काय करायचे?

त्याच्यासाठी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी आज्ञावली असते, स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली एनव्हीडीए नावाची अशी आज्ञावली करायला घेतली. ती आजही फुकट मिळते, वर्षातून अनेकदा सुधारून येते. पण सुधारलेल्या आवाजातही श आणि ष कानाला सारखेच. उपाय जुना आहे. १९५६ पासून वैमानिक 'ए'ला अल्फा, 'बी'ला ब्राव्हो म्हणतात. एनव्हीडीएत अक्षर वाचण्याची कळ दोनदा दाबली की असाच शब्द ऐकू येतो. हे शब्द एका साध्या फाइलीत असतात, एका ओळीत अक्षर आणि त्याचा शब्द. प्रत्येक भाषेची फाइल त्या भाषेचे स्वयंसेवक करतात.

मग मराठीचे शब्द कुठून आणायचे? अंकलिपीतून? भ भटजीचा, य यज्ञाचा, ऋ ऋषीचा हे पिढ्यानपिढ्या घोकून झाले. भ भाकरीचा का नको? 'पोटफोड्या ष' तर निव्वळ डोळसांची खूण. जन्मांधाला ते फोडलेले पोट कसे दिसणार? ब्रेल शिकलेल्याच्या बोटांना मात्र फरक पक्का ठाऊक असतो. भारती ब्रेलमध्ये श म्हणजे १-४-६ हे ठिपके आणि ष म्हणजे १-२-३-४-६.

शिवाय ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरूच होत नाही, त्यामुळे इंग्रजीची पहिल्या अक्षराची युक्ती इथे लंगडी पडते. 'बाणातला ण' चालेल, बान म्हटले तरी कुणी फसणार नाही. पण ळ साठी 'काळ' घेतला तर असोद्यात 'काय' ऐकू येईल! त्यापेक्षा केळी घ्यावी. 'केयी' म्हटले तरी जळगाव जिल्ह्यात ती समजावून सांगावी लागत नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. सरकारने संकेतस्थळे सुधारलीच पाहिजेत, ती सबब ऐकू नये. पण शब्दांची यादी करायला कोर्टही नको आणि कोट्यवधीचा निधीही नको. २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव मिरवणाऱ्या जळगावच्या विद्यापीठाने अंध विद्यार्थ्यांना, लेवा, अहिराणी व भिली बोलणाऱ्या पोरांसह एका खोलीत बसवावे. पन्नासेक अक्षरे आहेत. प्रत्येक शब्द फोनवर दुसऱ्या गावाला सांगून पाहावा, आणि पलीकडे अक्षर चुकले तर तो खोडून दुसरा घ्यावा.