पुराचा व्हिडिओ आजचा की २०२१ चा? तारीख सांगणारं ‘आरएसएस फीड’ काय असतं?

पावसाचा जोर वाढला की कोडोलीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुलावरून पाणी वाहतानाचा एखादा व्हिडिओ हमखास येतो. सोबत ‘आत्ताची परिस्थिती’ अशी ओळ. तो आज सकाळचा आहे की जुलै २०२१ च्या महापुरातला, हे मेसेजवरून कळायला मार्ग नसतो. कोल्हापूरला दवाखान्यात किंवा परीक्षेला निघालेल्या माणसासाठी मात्र सगळा प्रश्न तारखेचाच असतो.

उसाचंही तसंच. २०२४-२५ च्या हंगामासाठी एफआरपी क्विंटलला ३४० रुपये होती, २०२५-२६ साठी ती ३५५ झाली. जुनी बातमी नव्याने फिरली की पारावर वाद ठरलेला.

इथे आरएसएस फीड उपयोगी पडतं. (संघाशी काही संबंध नाही, फक्त अक्षरं तीच!) १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने आणलेली ही पद्धत अगदी साधी आहे. वेबसाइट आपल्या नव्या मजकुराची एक यादी ठेवते. त्यात मथळा, लिंक आणि बहुतेक वेळा प्रसिद्धीची तारीख-वेळ असते. तुमच्या फोनमधलं रीडर अॅप ती यादी अधूनमधून तपासतं आणि ताजं ते वर दाखवतं. कोणत्या वेबसाइट घ्यायच्या, हे तुम्ही ठरवता. तुम्ही कशावर किती वेळ रेंगाळलात, यावर क्रम ठरत नाही.

गंमत म्हणजे हवी ती माहिती मागून घेण्याची ही कल्पना या भागाला नवी नाही. १९९८ मध्ये कोडोलीशेजारच्या वारणानगरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांसाठी तो होता. ऊस उत्पादकाला आपल्या उसाचं वजन गावातल्याच संगणक केंद्रावर कळावं, अशी सोय त्यात होती. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने काही गावांत संगणकाऐवजी एसएमएस वापरून पाहिला. शेतकरी मेसेज पाठवून विचारायचा, उत्तर मोबाइलवर यायचं. आज फोन कितीतरी भारी झाला, पण न विचारलेलंच जास्त दाखवतो.

मग आरएसएस मागे का पडलं? लोक फेसबुककडे वळले आणि जुलै २०१३ मध्ये गूगलने आपला ‘रीडर’ बंद केला. तरी फीड संपलं नाही. पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात, यूट्यूब चॅनेलचंही फीड मिळतं.

करायचं काय? फीडली, इनोरीडर किंवा फीडर यांपैकी एक अॅप घ्या. त्यात वेबसाइटचा पत्ता टाका. फीड असेल तर बहुतेकदा अॅपच शोधून देतं. बीबीसी मराठीचं फीड आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ पोर्टलवर इशाऱ्यांचंही आहे. सुरुवातीला पाच-सहाच ठेवा. पन्नास घेतलीत तर न वाचलेल्या बातम्यांचा आकडा बघूनच अॅप उघडावंसं वाटत नाही, हा माझा अनुभव.

एक अडचण राहतेच. फीड बातमी खरी की खोटी हे तपासत नाही; वेबसाइट थापा मारत असेल तर त्याही तारीख-वेळेसह येतील. शिवाय गल्लीतली खबर आधी व्हॉट्सअॅपवरच येणार आणि ग्रुपचं फीड नसतं. त्यामुळे पुलाचा व्हिडिओ आला तर तो पुढे पाठवण्याआधी रीडर उघडून आजच्या तारखेची बातमी आहे का, एवढं बघता येईल.