मोकळा सोडलेला गडी

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलवर बेतलेला ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’ हा व्हिडिओ गेम १९ जुलै २०२४ रोजी, म्हणजे त्याच्या आधीच्या आवृत्तीनंतर अकरा वर्षांनी, बाजारात आला. आणि त्यात १३४ विद्यापीठांचे संघ असल्यामुळे तिकडे शिकावयास गेलेल्या अनेक मराठी मुलांना आपापल्या विद्यापीठाचे मैदान त्यात सहज ओळखू येते. हा खेळ प्रथम हाती घेणाऱ्याला जो मोह पडतो तो एकच असतो: एखादा बलाढ्य संघ निवडावा, पन्नास यार्डांवर चेंडू भिरकावणारा क्वार्टरबॅक मिळवावा, आणि दर दुसऱ्या मिनिटाला गुणफलक हलता ठेवावा. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. ज्याला हा खेळ मुळापासून समजून घ्यावयाचा असेल, त्याने नेव्ही, आर्मी किंवा एअर फोर्स या सैनिकी अकादमींपैकी एखादीचा संघ घ्यावा आणि चेंडू हवेत न फेकता जमिनीवरून धावत नेणारे, ऑप्शन या नावाने ओळखले जाणारे आक्रमण धीराने उभारावे. कारण या खेळातील बुद्धीचा भाग जितका त्या आक्रमणात एकवटला आहे तितका दुसऱ्या कशातही नाही.

याचे कारण अमेरिकन फुटबॉलच्या मूळ हिशेबात आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू बाळगणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात, आणि दहा यार्ड पुरे झाले की पुन्हा नवे चार. चेंडू धावून न्यावयाचा असेल तर क्वार्टरबॅक तो दुसऱ्याच्या हाती देतो आणि त्याचे काम तेथेच संपते; म्हणजे वाट मोकळी करून देणारे नऊच खेळाडू उरतात आणि त्यांची गाठ अकरा बचावपटूंशी पडते. दोन माणसांची ही तूट बलाढ्य संघ अंगबळाने भरून काढतात. ज्यांच्यापाशी तेवढे अंगबळ नाही त्यांनी काय करावे, या प्रश्नाला मिळालेले सर्वांत बुद्धिमान उत्तर म्हणजे ऑप्शन होय. कारण त्यात बचावातील दोन खेळाडूंना कोणी अडवीतच नाही, त्यांना जाणूनबुजून मोकळे सोडले जाते, आणि ते जे करतील त्याच्या विरुद्ध करून त्यांना निरुपयोगी ठरविले जाते.

फ्लेक्सबोन या मांडणीत क्वार्टरबॅक त्याला चेंडू देणाऱ्या सेंटरच्या अगदी पाठीशी उभा असतो, त्याच्या मागे फुलबॅक, आणि दोन्ही अंगांना टॅकलच्या, म्हणजे पुढच्या फळीतील कडेच्या लाइनमनच्या, थोडे बाहेर व मागे एकेक स्लॉटबॅक. चेंडू सुटण्यापूर्वी त्यांतील एक स्लॉटबॅक पलीकडच्या दिशेने धावू लागतो. चेंडू हाती येताच क्वार्टरबॅक तो फुलबॅकच्या पोटाशी धरतो, पण सोडीत नाही; त्या अर्ध्या क्षणात त्याची दृष्टी मोकळ्या सोडलेल्या पहिल्या बचावपटूवर, बहुधा डिफेन्सिव्ह एंडवर, खिळलेली असते. तो फुलबॅकवर तुटून पडला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेऊन बाहेरच्या अंगाने धावतो. तो बाहेरच थबकला, तर चेंडू फुलबॅकच्या हाती राहतो आणि फुलबॅक मधून घुसतो. बाहेर धावताना दुसरा मोकळा बचावपटू आडवा येतो: तो क्वार्टरबॅकवर झेपावला की चेंडू मागून धावत येणाऱ्या स्लॉटबॅककडे उडविला जातो, तो स्लॉटबॅककडे सरकला की क्वार्टरबॅक स्वतःच आत वळून पुढे जातो. कबड्डीत चढाई करणारा जसा कोपऱ्यातील गड्याच्या खांद्याकडे न पाहता त्याच्या पावलाकडे पाहतो, तसेच येथे मोकळ्या गड्याचे पहिले पाऊल पाहून सर्व ठरते. आणि त्या दोघांना अडविण्यातून जे ब्लॉकर वाचले ते पुढच्या फळीतील लाइनबॅकर व सेफ्टी यांच्यावर जातात, म्हणून पहिली फळी ओलांडली की पुष्कळदा पुढे कोणीच उरत नाही.

ही मसलत एका दिवसात जन्मली नाही. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात ह्यूस्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल योमन यांनी ऑप्शनचा व्हीअर हा प्रकार रूढ केला. १९६८ साली टेक्सास विद्यापीठात डॅरेल रॉयल यांच्या हाताखाली एमोरी बेलार्ड यांनी विशबोन ही मांडणी सिद्ध केली. त्या मोसमातील पहिल्या दोन सामन्यांत टेक्सासला विजय मिळाला नाही, तरी रॉयल यांनी ती टाकून दिली नाही, आणि त्यानंतर त्यांच्या संघाने सलग ३० सामने जिंकले. १९७१ साली ओक्लाहोमाच्या संघाने याच मांडणीच्या बळावर दर सामन्यास सरासरी ४७२.४ यार्ड नुसते धावून मिळविले. पुढे पासचे युग आले, मोठ्या विद्यापीठांनी ऑप्शनकडे पाठ फिरविली, आणि ती मुख्यतः सैनिकी अकादमींच्या आश्रयास राहिली. त्याला सबळ कारण होते. अकादमीतून पदवी घेणाऱ्यास पाच वर्षे सैन्यात सेवा करावी लागते, आणि तेथे देहाच्या वजनासंबंधी नियम आहेत. त्यामुळे व्यावसायिक फुटबॉलची स्वप्ने पाहणारे दीडशे किलोंचे धिप्पाड खेळाडू तेथे सहसा येत नाहीत.

अशा संघांनी काय साधले याची दोन उदाहरणे मला फार मोलाची वाटतात. २००४ सालच्या एमराल्ड बोलमध्ये पॉल जॉन्सन यांच्या नेव्ही संघाने न्यू मेक्सिकोविरुद्ध एकाच चढाईत २६ खेळी करून १४ मिनिटे २६ सेकंद चेंडू आपल्यापाशी ठेवला. सामन्याचा एक चतुर्थांश पंधरा मिनिटांचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पराक्रमाचे मोल कळते. आणि २०१८ च्या सप्टेंबरात आर्मीने ओक्लाहोमाच्या घरच्या मैदानावर साठांपैकी ४४ मिनिटे ४१ सेकंद चेंडू राखला, त्यामुळे त्याच वर्षी सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचे हाइस्मन पारितोषिक मिळविणारा ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक कायलर मरे बहुतेक काळ बाजूला बसून राहिला. आर्मी तो सामना जादा वेळेत २८–२१ असा हरली. तथापि ज्या संघाशी बरोबरीने उभे राहण्याची कोणी अपेक्षा केली नव्हती, त्याच्याशी ती निर्धारित वेळेच्या अखेरपर्यंत बरोबरीने उभी राहिली.

आता खेळातील उभारणीकडे वळू. डायनॅस्टी या प्रकारात आपण प्रशिक्षक होतो, शाळांतून मुलांची भरती करतो, ८५ जणांची तुकडी सांभाळतो आणि वर्षानुवर्षे कारभार पाहतो. येथे बहुतेकांची पहिली चूक होते ती ही की, ऑप्शन म्हणजे वेगवान क्वार्टरबॅक, अशी समजूत करून घेऊन ते भरतीचा सारा वेळ ‘प्युअर रनर’ जातीचा मुलगा शोधण्यात खर्ची घालतात आणि मग प्रत्येक खेळीत त्याला घेऊन कडेकडेने धावत सुटतात. याला ऑप्शन म्हणता येणार नाही. ती एका माणसाच्या पायांवर टाकलेली जबाबदारी आहे, आणि चांगला बचाव असलेला संघ ती तिसऱ्या-चौथ्या चढाईतच मोडून काढतो. या आक्रमणाचा पाया फुलबॅक आहे. तो भारी, चेंडू न सोडणारा, धडक सोसून आणखी दोन यार्ड पुढे पडणारा असावा. मधून सतत तीन-चार यार्ड मिळू लागले म्हणजेच बचावपटू आत ओढले जातात आणि बाहेरची वाट उघडते. जोवर फुलबॅकची भीती बसत नाही तोवर क्वार्टरबॅकचा वेग व्यर्थ आहे. त्यानंतरचा मान पुढच्या पाच लाइनमनचा. त्यांत पासच्या वेळी संरक्षण करणाऱ्यांपेक्षा धावण्याच्या वेळी अडविणारे, आणि नुसत्या बलवानांपेक्षा चपळ, हे अधिक मोलाचे, कारण त्यांना समोरच्यास सोडून पुढच्या फळीपर्यंत पोहोचावयाचे असते. क्वार्टरबॅकचा क्रम यानंतर लागतो, आणि त्याच्याही बाबतीत नुसत्या गतीपेक्षा चेंडू घट्ट धरण्याचा व पटकन वळण्याचा गुण मी वरचा मानीन.

‘वेअर अँड टेअर’ नावाची जी तजवीज या आवृत्तीत प्रथम आली, तिने हा विचार अधिकच आवश्यक केला आहे. प्रत्येक आघाताची नोंद खेळाडूच्या त्या त्या अवयवावर होते, आघात साचत गेले की त्याची क्षमता घटते, आणि त्यांचा परिणाम पुढच्या आठवड्यापर्यंतही टिकतो. सामन्यात वीस वेळा स्वतः धावणारा क्वार्टरबॅक त्यामुळे मोसमाच्या मध्यावरच झिजतो. म्हणून अंगावर बचावपटू येण्यापूर्वी चेंडू उडविण्याची सवय लावून घेतली पाहिजे. आणि ती उडवणी मागच्या दिशेने असल्यामुळे, झेल चुकला तर चेंडू प्रतिपक्षाच्याही मालकीचा होऊ शकतो, हे ध्यानात ठेवून अंगाला मिठी बसल्यावर शेवटच्या क्षणी ती कधीही करू नये. दुसरा क्वार्टरबॅकही पहिल्याच्या तोडीचा तयार ठेवावा. हा बंदोबस्त ज्याने केला नाही, त्याच्या संघाची अवस्था नोव्हेंबरात दयनीय होते.

पास अजिबात टाकूच नये, असे मी म्हणत नाही. सामन्यात आठ-दहा पास पुरेत, पण ते टाकण्याची वेळ साधली पाहिजे: फुलबॅकला चेंडू दिल्याचा आभास झाला की सेफ्टी पुढे धाव घेतो, आणि जो स्लॉटबॅक इतका वेळ त्याला अडवीत होता तोच त्याच्या पाठीमागे एकटा सापडतो. हा एक पास मिळविण्यासाठी तीस खेळी जमिनीवरून कराव्या लागतात. चौथ्या डाउनला दोन यार्ड उरले असता चेंडू लाथेने दूर धाडण्याचा जो सार्वत्रिक शिरस्ता आहे, तोही येथे सोडावा. चारही प्रयत्न वापरावयाचे ठरविले, तर प्रत्येकी अडीच यार्ड मिळविणे एवढेच काम उरते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, हे सारे कंटाळवाणे आहे. मला हा आक्षेप मान्य नाही, कारण पास टाकणारा प्रत्येक खेळीत एकदा निर्णय घेतो, तर ऑप्शन चालविणारा दोन सेकंदांत दोनदा घेतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संघ दोन टचडाउनांनी मागे पडला की सावकाश सरकणारे हे आक्रमण वेळेत परत येऊ शकत नाही. हे खरे आहे आणि त्याला पूर्ण उतारा नाही. बचावाकडे भरतीत दुर्लक्ष करू नये, एवढेच त्यावर सांगता येते. तिसरा आक्षेप कालबाह्यतेचा, आणि त्याला वस्तुस्थितीनेच उत्तर दिले आहे. टॅकल बॉक्सच्या, म्हणजे दोन टॅकलमधल्या पट्ट्याच्या, बाहेर कमरेखाली अडविण्यास २०२२ पासून मनाई झाली, तेव्हा कडेच्या वाटा मोकळ्या करणे कठीण झाले. आर्मीने २०२३ साली क्वार्टरबॅकला सेंटरपासून दूर उभे करून नवी पद्धत अवलंबिली आणि सहा सामने जिंकले, सहा हरले. पुढच्या वर्षी ती पुन्हा जुन्या मांडणीकडे वळली, धावून यार्ड मिळविण्यात देशात पहिली आली, क्वार्टरबॅक ब्रायसन डेली याने धावून ३२ टचडाउन केले, आणि १२ विजय व २ पराभव अशा कामगिरीसह तिने आपल्या इतिहासातील पहिले कॉन्फरन्स विजेतेपद मिळविले.

मला या विषयाची जी आस्था वाटते तिचे मूळ येथेच आहे. दुबळ्यांनी बलिष्ठांसमोर नुसत्या शिस्तीने आणि नजरेने उभे राहण्याची ही विद्या आहे, आणि ती खऱ्या मैदानांवरून हळूहळू मावळते आहे; जॉर्जिया टेकसारख्या मोठ्या विद्यापीठाने २०१८ नंतर ती सोडली. प्रशिक्षक निवृत्त होतात, खेळाडू ट्रान्सफर पोर्टलच्या वाटेने संघ बदलतात, आणि पाच-सहा वर्षांत एखाद्या संघाजवळची ही सारी जाण नाहीशी होते. अशा वेळी घरोघरच्या पडद्यावर फ्लेक्सबोनची संपूर्ण प्लेबुक खेळता येणे ही लहान गोष्ट नव्हे. शाळकरी मुलाला पन्नास वर्षांपूर्वीची मसलत स्वतःच्या बोटांनी चालवून पाहता येते, हे कोणत्याही ग्रंथाला साधलेले नाही. खेळ तयार करणाऱ्यांनी पुढील आवृत्त्यांत नव्या पासांच्या सजावटीपायी या जुन्या भांडाराला कात्री लावू नये, उलट लाइनमनच्या अडविण्याच्या कामात अधिक बारकावे आणावेत, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

आणि ज्या वाचकांच्या घरी हा खेळ आहे, त्यांना एवढेच सुचवितो: पुढच्या खेपेस नेव्हीचा संघ निवडा, पहिल्या चढाईत चेंडू फुलबॅककडेच देत राहा, आणि समोरचा एंड आत वळू लागला की मगच चेंडू स्वतःपाशी ठेवून बाहेर धावा.