प्रकृती, जनुके आणि कोरा रकाना

प्रकृतीविषयक जनुकीय संशोधन २०१५ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचा आम्हां वैद्यांना हर्ष व्हावा हे स्वाभाविकच होय. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने पुण्यासह अन्यत्रच्या अभ्यासकांसमवेत ३,४१६ व्यक्तींची प्रकृतिपरीक्षा केली आणि त्यांतून स्पष्टपणे एकदोषप्रधान असे २६२ पुरुष निवडले. त्यांच्या गुणसूत्रांवर प्रकृतीशी संबद्ध अशा ५२ खुणा आढळल्या. पहिल्या गुणसूत्रावरील, शर्करेच्या चयापचयाशी निगडित ‘पीजीएम१’ हे जनुक पित्तप्रकृतीशी जुळले. पित्त आणि अग्नी यांचे नाते जाणणाऱ्यास याचे नवल वाटू नये.

परंतु परभणी, गंगाखेड, जिंतूर येथील आमच्या चिकित्सालयांत येणारा रुग्ण बहुधा द्वंद्वज प्रकृतीचा असतो. तो या मोजणीत नाही. स्त्रिया तर नाहीतच. म्हणूनच ‘आयुर्वेद जनुकांनी सिद्ध’ असा फलक औषधालयावर लावणे आम्हांस उचित वाटत नाही. जनुकचाचणीवरून प्रकृती सांगून औषधे विकणे तर त्याहून अनुचित.

त्या २६२ जणांची निवड मुळात प्रकृतिपरीक्षेवरच झाली होती, हे विसरता कामा नये. आमच्या केसपेपरवरील प्रकृतीचा रकाना मात्र (आम्ही स्वतःलाही वगळत नाही) पुष्कळदा कोराच असतो. तो आधी भरावा.