आधी हात, मग लाकूड

मिरजेला तंबोरा करायला टाकायचा, तर आधी गाणाऱ्याची पट्टी सांगावी लागते. भोपळा, दांडी, तारा हे सारे त्यावर ठरते. नक्षीचा विचार शेवटी. इलेक्ट्रिक गिटार खास कारागिराकडून घडवून घेणाऱ्यांनीही हाच क्रम पाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आजकाल होते उलटेच. चिरंजीव किंवा कन्यारत्न आई-वडिलांपुढे चित्र ठेवतात. मेपलच्या लाकडावरच्या लाटा, गडद निळा रंग, शिंपल्याचे जडावकाम! किंमत लाखांच्या घरात, वाट पाहणे कित्येक महिन्यांचे. पण मान किती जाड हवी, असे विचारले तर उत्तर नसते.

खरे तर वाजवताना डावा हात सतत असतो तो मानेवर. तिची जाडी, रुंदी, पडद्यांची उंची हे पहिले प्रश्न. मग तारेची लांबी. फेंडरच्या गिटारवर ती 25.5 इंच, गिब्सनवर पावणेपंचवीसच्या आसपास. फरक पाऊण इंचाचा. पण त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर लांब मापावर ताण जास्त आणि बोटांना कष्टही जास्त. त्यानंतर पिकअप, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तारेचे कंपन विजेत बदलते ते इथेच. धडाच्या लाकडाने आवाज किती बदलतो, यावर जाणकारांतही वाद आहेत. खांद्याला जाणवणाऱ्या वजनाबद्दल मात्र वाद नाही!

आणि कारखान्यातल्या गिटारला कमी का लेखायचे? 1954 साली आलेली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर कारखान्यातच बनत होती. डावखुऱ्या जिमी हेंड्रिक्सने उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून 1969 चे वुडस्टॉक गाजवले.

मग मापाची गिटार कोणी घ्यावी? ज्याला आपली गरज नेमकी ठाऊक आहे, त्याने. पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या ‘क्वीन’ या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने 1963 मध्ये, सोळाव्या वर्षी, वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, पडद्यांमधल्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. पैसा नव्हता, पण स्पीकरच्या आवाजाला साद देईल असे वाद्य हवे, हे पक्के होते. म्हणून धडात पोकळ्या ठेवल्या. पुढे कित्येक दशके तीच त्याची मुख्य गिटार राहिली.

तेव्हा पालकांनी नकार देऊ नये, मुदत द्यावी. साधी गिटार दोन वर्षे वाजवू द्यावी आणि तक्रारींची वही ठेवायला सांगावे. तारा उंच आहेत, वरचे सूर बेसूर लागतात, अशा बऱ्याच तक्रारी चांगला दुरुस्तीवाला थोडक्या पैशांत मिटवतो. त्यानंतरही ज्या उरतील, त्या घेऊन कारागिराकडे जावे. एकाच्या हाताला बेतलेले वाद्य पुढे विकायला निघाले, तर दुसऱ्याच्या हाताला बसेलच असे नाही. हौसेला मोल नसते म्हणतात. पण मोल मोजण्यापूर्वी हौस कसली, हे तरी कळायला हवे.